25 किलोचे खोके आणि हेल्परांची कंबर: पट्ट्यांनी भागेल का?

चाकण_पॅकिंग
जमिनीवरच्या पॅलेटवरून (माल रचायच्या लाकडी चौकटीवरून) कास्टिंगचे, म्हणजे ओतीव धातूच्या भागांचे, 25 किलोचे खोके उचलून कन्व्हेयरवर ठेवायचे, असं काम आहे. शिफ्टला साधारण 200 खोके. महिन्याभरात दोन हेल्परांच्या कमरेत उसण भरली, दोन्ही वेळा सकाळच्या शिफ्टच्या पहिल्या तासात. 'गुडघे वाकवून उचला' हे रोज सांगून झालं. आता सगळ्यांना कंबरपट्टे द्यायचं घाटतंय. उपयोग होईल?

सेफ्टी_भोसरी
पट्ट्यांवर पैसे घालू नका. अमेरिकेतल्या नायॉशने (कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था) 1994 मध्येच सांगितलंय की धडधाकट कामगारांसाठी पट्ट्यांची शिफारस करता येत नाही. पट्ट्याने वजन हलकं होत नाही.

आधी टेप घ्या. दोन घोट्यांच्या मध्यापासून हातांच्या पकडीपर्यंत आडवं अंतर मोजा. नायॉशच्या सूत्रात मर्यादा 23 किलो, तीही पकड 25 सेंमीच्या आत आणि जमिनीपासून 75 सेंमी उंचीवर असेल तर. अंतर 50 सेंमी झालं की निम्मी, साडेअकरा. शिवाय हात 15 सेंमी उंचीपर्यंत खाली गेले की साडेनऊच्याही आत. त्यात 45 अंश वळून उचललं तर जेमतेम 8. दिवसभर तेच केलं तर आणखी कमी. तुमचा खोका 25 चा आहे! गुडघे वाकवूनही काय होणार? रुंद खोका गुडघ्यांच्या मध्ये मावतच नाही, पुढे राहतो आणि कमरेपासून लांब जातो.

फिजिओ_कोथरूड
सकाळचं कारण: रात्री झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. उठल्यावर पहिल्या तासात हे बरंच उतरतं. कंपनीच्या बसमध्ये पोक काढून बसून आलेल्या माणसाला लगेच तळाचा थर उचलायला लावू नका. आधी लेबल, मोजणी अशी उभ्याची कामं द्या.

उसण भरली तर अंथरुणात पडून राहू नये, सोसेल तेवढी हालचाल ठेवावी. कळ पोटरीत उतरली किंवा पाऊल वर उचलेना, तर डॉक्टर गाठा. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

मटेरियल_हँडलिंग_तळवडे
उद्यापासून जमेल असं: भरलेल्या पॅलेटखाली दोन-तीन रिकाम्या पॅलेट ठेवा. लाकडी पॅलेट साधारण 15 सेंमी उंच असते, तेवढं वाकणं वाचतं. फळ्या मोडक्या नकोत आणि वरचा थर छातीच्या वर जायला नको. पैसे मंजूर होत असतील तर सिझर लिफ्ट टेबल घ्या. थर संपेल तसं वर घेता येतं. वर फिरती चकती असेल तर पलीकडचा खोका ओढायला कमरेतून लवावं लागत नाही.

कन्व्हेयर पॅलेटला चिकटून ठेवू नका. हाताच्या अंतरावर असला की माणूस पाय न हलवता कमरेतूनच वळतो. मध्ये दोन पावलं चालायला लागतील एवढी जागा सोडा.

सप्लायरकडून 12 किलोचे खोके मागवलेत तर पहिले काही दिवस लक्ष ठेवा. लवकर उरकायला पोरं दोन-दोन एकदम उचलतात.

चाकण_पॅकिंग
टेपने मोजलं, 55 सेंमी आलं. पट्ट्यांची ऑर्डर थांबवायला सांगितलीय. सिझर टेबल किती टनी घ्यावं? भरलेली पॅलेट 800 किलोची असते.

मटेरियल_हँडलिंग_तळवडे
1 टनी चालेल, पण खाली केल्यावर उंची किती राहते ते विचारा. हँड पॅलेट ट्रक (पॅलेट उचलून न्यायची हातगाडी) वर चढणार नसेल तर टेबलासाठी खड्डा घ्यावा लागेल.