आधी एबीसीडी की आधी फॉर्म?

वरती एका ताईंनी लिहिलंय की मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवताना सुरुवात एबीसीडीपासूनच करा, नाहीतर पाया कच्चा राहतो. मला अर्धंच पटलं. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग, 1972 पासूनची (तेव्हा जिल्हा भंडारा होता, गोंदिया 1999 मध्ये वेगळा झाला). तिथल्या चारपाच जणांना मी एक उन्हाळा दर रविवारी शिकवायला जात होतो, फुकटच, आणि पहिल्याच दिवशी तोंडावर पडलो. मी ए फॉर ॲपल चालू केलं तर एक आजोबा हसले न् माझ्याच वहीत सरसर तिबेटीत चार ओळी लिहून दाखवल्या. म्हणजे माणूस निरक्षर नाही ना बाप्पा, फक्त लिपी वेगळी, त्याले अक्षर कायले समजावता!

मग त्यांनाच विचारलं काय पाहिजे, तर म्हणे फॉर्म भरणं. त्यात 'सरनेम'चा रकाना, आणि तिबेटी लोकांत बहुतेकांना आडनावच नसते, दोन नावं असली तरी दोन्ही स्वतःचीच, मग कोणी दुसरं नाव तिथं टाकते, कोणी बापाचं, अन् दोन कागदांवर दोन नावं झाली की पुढचं सगळं अडते. त्या एका रकान्यावर आमचे दोन रविवार गेले. आणि हो, वर्ग हिवाळ्यात लावू नका, तेव्हा बरेच जण स्वेटर विकायला बाहेरगावी असतात, सतरंजीवर तुम्ही एकटेच बसाल.