जुन्या एसयूव्हीचं ढिलं स्टिअरिंग : तुमच्या गाडीत दोष कुठे निघाला?

माझी गाडी 18 वर्षांची, चेसिसवाली, रॅक-पिनियन (दातेरी पट्टी) नव्हे तर स्टिअरिंग बॉक्स (दात्यांची पेटी) असलेली. स्टिअरिंग तीन बोटं फिरेपर्यंत चाकांना पत्ताच नसायचा. सरळ रस्त्यावरही सारखं सावरत राहायचं. मीही आधी बॉक्सवरच्या स्क्रूलाच हात घातला. लॉकनट सैल करून स्क्रू आवळला, खेळ (स्टिअरिंगची रिकामी हालचाल) जरा कमी झाला आणि मी खूश. पण पुढच्या वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मध्यावर येईना! गुपचूप होता तिथे आणून ठेवला.

मग भाच्याला आत बसवलं. टायर जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, पॉवर स्टिअरिंग म्हणून इंजिन चालू. त्याने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, मी खालून बघायचं. पिटमन आर्म (बॉक्सखालचा दांडा) लगेच हलत होता, त्याला जोडलेला दांडा, ड्रॅग लिंकही. डावीकडचा टायरॉड एंड (दांड्याच्या टोकाचा, चाकाकडचा सांधा) मात्र आधी जागच्या जागी उचलला जायचा आणि मग चाकाला ढकलायचा. रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीसऐवजी चिखल. तो बदलला, अलाइनमेंट केली, बॉक्सला पुन्हा हातही लावला नाही.

तुमचे अनुभव लिहा. काय बदललं यापेक्षा दोष कसा सापडला ते जास्त हवंय.

*

माझ्याकडे बॉक्सच हलत होता. म्हणजे आतले दाते नव्हे, अख्खा बॉक्स! चेसिसला धरणारे बोल्ट ढिले. नुसतं बघून कळलं नाही, बॉक्स आणि चेसिस दोन्हींवर बोटं टेकवल्यावर कळलं. बोल्ट काढलेच आहेत तर तिथे चेसिसला तडा गेलाय का, तेही बघून घ्या.

*

चाकाचं बेअरिंग विसरू नका. जॅक लावून, खाली स्टँड देऊन चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखड. मिस्त्री म्हणाले बॉल जॉइंट. मी म्हटलं, थांबा, कुणीतरी ब्रेक दाबा. ब्रेक दाबल्यावर खडखड गायब, म्हणजे बेअरिंग. तशीच राहिली असती तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे. दोन्ही बॉल जॉइंट वाचले.

*

स्टिअरिंग कॉलमच्या खालचा युनिव्हर्सल जॉइंट. बॉनेट उघडून पाहिलं, वरचा दांडा फिरतोय, खालचा उशिरा. दोन मिनिटांचं निदान, पण त्याआधी दोन महिने मी टायर बदलत बसलो होतो.

*

माझी तक्रार वेगळी. खेळ कुठेच नाही, सगळे सांधे घट्ट, तरी गाडी भरकटते. सस्पेन्शन दोन इंच उंच केल्यापासून. कुठे बघू?

*

वरच्यांना : कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) मोजून घ्या. गाडी उंच केल्यावर बऱ्याचदा कॅस्टर कमी होतो, मग चाकांना सरळ राहायची ओढच उरत नाही. हे ढिलेपण नव्हेच, पण हाताला अगदी तसंच वाटतं. त्याआधी टायरमधली हवा तपासा, फुकटचं काम आहे.

*

पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध अ‍ॅक्सल) असेल तर पॅनहार्ड रॉडही (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) बघा. खड्ड्यावरून गेलं की आमचं स्टिअरिंग हातात थडथडायचं. नवीन स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा) बसवला, थडथड थांबली. काही महिन्यांनी परत सुरू, आधीपेक्षा जोरात. रॉडचं बोल्टचं भोक झिजून अंड्यासारखं लांबट झालं होतं. डॅम्परने नुसतं झाकून ठेवलं होतं. त्या काळात घरच्यांना घेऊन लांबचे प्रवास केले, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

*

धागाकर्ते, टायरॉड एंड काढताना किती फेरे फिरवले ते मोजलं होतं का?

*

मोजले होते, खडूने लिहूनही ठेवले. तेवढ्याच फेऱ्यांवर नवा बसवला म्हणून अलाइनमेंटपर्यंत गाडी हळूहळू नेता आली. नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन मात्र जुनीच वाकवून घालत होतो, भाच्याने हातातून काढून घेतली आणि नवी दिली.