शेजारचे आजोबा म्हणतात, "मी १९५०च्या दशकात सेकंड टेनर गायचो". मुलाखत कशी घ्यावी?

मेधा_बाल्टिमोर

नमस्कार मंडळी. एका गराज सेलमध्ये जुन्या रेकॉर्डचं खोकं घेतलं. बऱ्याच मोठ्या भोकाच्या ४५च्या (मिनिटाला ४५ फेरे), खाली थोड्या जुन्या ७८च्या. ज्युबिली, किंग, अटलांटिक अशा रेकॉर्ड कंपन्यांची लेबलं. घरी आणताना गल्लीच्या टोकाचे आजोबा भेटले. वय नव्वदीच्या आसपास, चर्चमध्ये अजून गातात. खोक्यात डोकावून म्हणाले, "यातल्या एका कंपनीसाठी आमच्या ग्रुपने दोन गाणी केली होती, मी सेकंड टेनर" (म्हणजे ग्रुपमधल्या उंच पुरुषी आवाजांपैकी दुसरा, जरा खालचा). ग्रुपचं नाव इंटरनेटवर सापडत नाही.

बोलायला तयार आहेत. मला मात्र ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं त्या काळचं लोकप्रिय संगीत, यातलं फारसं कळत नाही. काय विचारू? ते सांगतात ते खरं हे कसं ताडायचं? आणि रेकॉर्ड पुसायच्या कशाने? फार धूळ आहे.

गिरगावची_पिन

पुसण्यापुरतं सांगतो. ७८च्या तबकडीला अल्कोहोल किंवा स्पिरिट अजिबात लावू नका. ती लाखेची असते, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवायचं, झालं. आणि ४५ची सुई ७८वर चालवू नका. ७८ला जाड, तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते.

तबकडीकाका

मेधा, आधी त्या आजोबांकडे जा, धूळ नंतर पूस. रेकॉर्ड थांबतील.

मी न्यू जर्सीत रंगाच्या कंपनीत केमिस्ट होतो. लाखेपायी या नादाला लागलो. छोटा नागपूरच्या जंगलातली लाख इथे रेकॉर्डसाठी यायची. १९४२ साली अमेरिकन सरकारने युद्धापायी रेकॉर्ड कंपन्यांची लाख ७० टक्क्यांनी कापली, तेव्हा लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, दळून नव्या काढत होते. (त्यात काय काय दळलं गेलं असेल या विचाराने अजून पोटात कालवतं.)

आता मुलाखत. "कोणत्या साली?" हा प्रश्न विचारूच नकोस. ते काहीतरी साल सांगतील आणि पुढचं सगळं त्या सालाला चिकटून येईल. कोरियाच्या लढाईसाठी ग्रुपमधलं कोणाला बोलावणं आलं, त्याच्या जागी कोण आला, गावोगावी जायला गाडी कोणाची होती, हे विचार. साल त्यातून आपोआप निघतं. स्टुडिओत माइक किती होते, बास (सगळ्यात खालचा आवाज) गाणारा कुठे उभा राहायचा, हेही विचार. तिथे उभा राहिलेला माणूस हातवारे करून दाखवतो.

जाताना रेकॉर्ड आणि छोटा टर्नटेबल घेऊन जा. त्यांचंच गाणं मिळालं तर उत्तम, नाहीतर ऑरिओल्स या ग्रुपचं लाव. ते तुमच्या बाल्टिमोरचेच. डेबोरा चेस्लर ही तिथलीच तरुण मुलगी त्यांची मॅनेजर होती. १९४८मधलं त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं तिनेच लिहिलं. स्वॅलोज, कार्डिनल्सही तिथलेच, तेव्हा ग्रुपला पक्ष्याचं नाव द्यायची लाटच होती. तिथले सगळे जुने गायक पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरच्या रॉयल थिएटरचं नाव काढतात. ते १९७१ साली पाडलं. गाणं चालू असताना बोलू नकोस. म्हातारी माणसं आपला सूर हळूच धरतात, तेवढ्यात सेकंड टेनर खरा की खोटा ते कळतं.

इंटरनेटवर वाचलेलं त्यांना वाचून दाखवू नकोस. भिडेखातर "हो हो" म्हणतील. काही गायक तर संग्राहकांनी लिहिलेले लेखच पाठ म्हणून दाखवतात, आणि आपल्याला वाटतं दुजोरा मिळाला.

लेबलवर कंसात जे नाव असतं, ते गीतकाराचंच असेल असं धरू नकोस. मालकाचं, मॅनेजरचं, रेडिओवाल्याचं, कोणाचंही असतं. टीनएजर्स या ग्रुपचं १९५६चं 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' घे. ग्रुपमधल्या दोघांनी आपणच लिहिल्याचा दावा लावला, १९९२ साली ज्यूरीने तो मान्य केला आणि १९९६ साली वरच्या कोर्टाने मुदत संपली म्हणून निकाल फिरवला. तेव्हा "हे कोणी लिहिलं?" असं सरळ विचार आणि उत्तर जसंच्या तसं टिपून ठेव.

पैशाचा विषय शेवटी काढ, पण काढ. रूथ ब्राउन या गायिकेने १९५०च्या दशकात अटलांटिकला गाण्यांमागून गाणी गाजवून दिली. पुढे तिने लोकांच्या घरी कामं केली, बस चालवली. रेकॉर्डिंगचा खर्च गायकाच्या रॉयल्टीतून कापायची पद्धत होती, त्यामुळे हिशेबात गायकच देणेकरी निघायचा. ती लढली, त्यातून १९८८ साली जुन्या गायकांना मदत करणारं ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. तुझ्या आजोबांना दोन गाण्यांचे काय मिळाले, कोणी हातात दिले, कागदावर सही घेतली का, हे कोणत्याच लेबलवर छापलेलं नाही.

ताडायला 'आफ्रो-अमेरिकन' हे बाल्टिमोरचं जुनं वर्तमानपत्र चाळ. कार्यक्रमांच्या जाहिरातीत लहान ग्रुपांची नावंही सापडतात.

हौशी_पुणेकर

काका, आणि किंमत? ज्युबिलीच्या महागड्या जातात ना?

तबकडीकाका

आलंच! फाइव्ह शार्प्स या ग्रुपची १९५२ची ज्युबिली ५१०४ (हा रेकॉर्डचा नंबर) म्हणत असाल तर मूळ ती फक्त ७८वर सापडली आहे, तीही मोजक्याच प्रती. कोणी मूळची म्हणून ४५ची दाखवली तर नकली समजा. न्यूयॉर्कच्या सबवेतल्या टाइम्स स्क्वेअर रेकॉर्ड्स या दुकानाच्या मालकाने, स्लिमने, तिच्यासाठी बक्षीस लावलं होतं, म्हणून एवढं नाव. बाकी पुष्कळशा रेकॉर्ड दोन-पाच डॉलरच्या. खोकं विकायच्या गोष्टी त्या आजोबांसमोर करू नका म्हणजे झालं.

मेधा_बाल्टिमोर

काका, खूप आभार. रविवारी चर्चनंतर या म्हणालेत. त्यांच्याकडे स्वतःची रेकॉर्ड नाहीये, बायकोच्या बहिणीने कधीतरी नेली ती परत आलीच नाही. फोनवर रेकॉर्डिंग केलं तर चालेल का?

तबकडीकाका

चालेल. कॉलरला लावायचा छोटा माइक घे आणि फ्रिजजवळ बसू नका, त्याची घरघर नंतर काढता येत नाही. सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं बोल आणि हे कुठे वापरणार ते सांगून लेखी परवानगी घे. ग्रुपमधलं आणखी कोणी हयात असेल तर त्याला वेगळा भेट, दोघांना एकत्र बसवू नकोस, जो मोठ्याने बोलतो त्याचंच खरं होतं. गायकांकडे स्वतःची रेकॉर्ड नसणं नेहमीचंच. ग्रुपचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळव, माझ्या याद्यांत बघतो. सापडलं तर त्यांना गाण्याची सीडी करून दे. आणि हो, मेव्हणीचा पत्ता विचार.