आईला 'एका दिवसात फिक्स दात' बसवावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी आई ६८ वर्षांची, साताऱ्याला असते. वरची कवळी तिला सवयीची झाली आहे, प्रश्न खालच्या जबड्याचा आहे. दाढा केव्हाच गेल्या, पुढचे चार-पाच दात उरलेत तेही हलतात. तारेची कवळी हिरडीला घासते म्हणून ती दिवसभर स्टीलच्या वाटीत पाण्यात पडून असते, पाहुणे आले की तेवढी लावायची. भाकरी दुधात कुस्करून आणि पेरू किसून खाते. तिला ज्वारीची भाकरी नीट चावून खायची आहे, एवढंच मागणं आहे तिचं.

पुण्यातल्या एका दवाखान्यात दाखवलं. त्यांनी सांगितलं की सकाळी उरलेले दात काढायचे, लगेच चार इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचे स्क्रू) टाकायचे, त्यातले मागचे दोन तिरके, आणि संध्याकाळी फिक्स दात लावून घरी. खालच्याचे अडीच लाख. या महिन्यात नाव नोंदवलं तर सवलत. आई एकदम तयार आहे.

मला धास्ती वाटते ती दोन गोष्टींची. तिला मधुमेह आहे, मागचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.१ होतं. शिवाय हाडं ठिसूळ झाल्यामुळे वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन लावतात, शेवटचं दिवाळीनंतर झालं. त्यांच्या फॉर्मवर साखरेचा रकाना होता, या औषधाचा नव्हता.

मी वाचलं त्यावरून टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले, तेव्हा ते हिरडीखाली झाकून वाट बघायचे. मग संध्याकाळी दात लावले तर त्या स्क्रूंवर चावण्याचा भार येणार नाही का? आणि त्या सलाईनमुळे दात काढल्यावर जखम भरत नाही असं ऐकते, ते कितपत खरं? कुणाच्या घरी असं केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, मी प्रॉस्थोडोंटिस्ट, म्हणजे कृत्रिम दात बसवणारी डॉक्टर आहे, रोज हेच काम करते. एका दिवसात दात ही फसवणूक नाही, पद्धत चांगली रुळलेली आहे. पण त्या दिवशी मिळतात ते तात्पुरते, ॲक्रिलिकचे दात. चारही इम्प्लांट एकमेकांना बांधलेले असल्यामुळे भार वाटला जातो. तरीही दोन-तीन महिने मऊच खायचं, त्यामुळे भाकरी लगेच नाही. पक्के दात नंतर बनतात, त्यांचे पैसे अडीच लाखांत धरलेत का हे लेखी घ्या.

स्क्रू बसवताना हाडाची पकड साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर तरी मिळावी लागते. ती किती मिळेल हे सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) बघूनही पक्कं सांगता येत नाही, हाडात गेल्यावरच कळतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "पकड कमी मिळाली तर त्या दिवशी काय करणार?" "इम्प्लांट झाकून ठेवू, तोवर कवळी देऊ" असं उत्तर आलं तर माणूस विचार करून काम करणारा आहे.

सलाईनचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा धोका कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोसच्या मानाने हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या डोसमध्ये खूप कमी असतो, पण असतो, आणि दात काढणं हेच त्याचं सगळ्यात नेहमीचं निमित्त. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे एक डोस चुकवून ते निघून जात नाही. सलाईन देणाऱ्या डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय एकही दात काढू देऊ नका. एचबीएवनसी आधी सातच्या आसपास आणा. सवलतीची तारीख गेली तर जाऊ द्या.

आणखी एक. खाली दोनच इम्प्लांट आणि त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी, हा पर्याय तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. खर्च बराच कमी, शस्त्रक्रिया लहान, कवळी फारशी हलत नाही. दुसरं मत पुण्यात भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात किंवा मुंबईला सेंट जॉर्जच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात घेता येईल.

धागाकर्ती

खूप खूप आभार, डॉक्टर. पत्रासाठी उद्याच फोन करते. बटणाच्या कवळीबद्दल एक विचारायचं राहिलं. आईच्या बोटांना संधिवात आहे, ती रोज रात्री काढायला कितपत जोर लागतो?