मदत हवी आहे: गणपतीसाठी साडूंना गाडी देताना विम्याचे काय?

नमस्कार.

माझ्या नावावर एक पेट्रोल हॅचबॅक गाडी आहे आणि तिची पॅकेज पॉलिसी, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो ती, चालू आहे. यंदा आम्ही ठाण्यातच राहणार असल्यामुळे माझे साडू ती गाडी घेऊन सहकुटुंब देवगडला जाऊ इच्छितात. गाडी देण्यास माझी मुळीच हरकत नाही. मात्र मुंबई-गोवा महामार्गावर दुर्दैवाने काही बरेवाईट झाले, तर विमा कोणाला आणि कितपत लागू होईल, हे आधी समजून घ्यावे असे वाटते.

पॉलिसी मी नीट वाचली. चालकाविषयीच्या कलमात असे म्हटले आहे की, विमाधारकासह कोणीही गाडी चालवू शकते, परंतु अपघाताच्या वेळी त्या व्यक्तीकडे वैध परवाना असावा आणि ती परवान्यासाठी अपात्र ठरलेली नसावी. इथपर्यंत साडूंची अडचण दिसत नाही. मात्र त्याच पानावर खाली ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण: १५ लाख रुपये’ अशी ओळ असून तिच्यापुढे वारस म्हणून माझ्या पत्नीचे नाव आहे. स्टिअरिंगवर साडू असतील, तर हे १५ लाख कोणासाठी?

दुसरा मुद्दा जरा नाजूक आहे. फुकट गाडी वापरणे साडूंना रुचत नाही, म्हणून पेट्रोल आणि टोल यांखेरीज दिवसाला ठरावीक रक्कम देण्याचा त्यांचा आग्रह आहे. नात्यातला व्यवहार म्हणून मला त्यात वावगे वाटले नव्हते, परंतु भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर पॉलिसीने स्पष्टपणे वगळला आहे. यूपीआयने माझ्या खात्यावर आलेले पैसे उद्या कंपनी भाडे म्हणून दाखवू शकेल का?

शिवाय त्यांच्या मुलाने नुकतेच कच्चे लायसन्स काढले आहे आणि रस्ता मोकळा मिळाल्यास त्यालाही थोडी गाडी चालवू द्यावी, असा बेत कानावर आला आहे. एजंटांना विचारले असता “काही होत नाही साहेब, सगळेच देतात” एवढेच उत्तर मिळाले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

एजंटांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. विमा गाडीचा असतो, त्यामुळे आपल्या परवानगीने आणि वैध परवान्यावर साडूंनी गाडी चालवली, तर समोरच्या व्यक्तीच्या मृत्यूची अथवा दुखापतीची भरपाई कंपनीला द्यावी लागते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाईही मिळते. मात्र दावा आपल्या पॉलिसीवर नोंदवला जातो, त्यामुळे ५० टक्क्यांपर्यंत साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आपला जातो, साडूंचा नव्हे. किरकोळ खरचटले असेल, तर दावा न करता गॅरेजचे बिल साडूंनी भरणे बहुधा स्वस्त पडते. हे गाडी देण्याआधीच बोलून घ्यावे, नंतर बोलणे जड जाते.

परवानाच नसेल, तर चित्र पालटते. स्वर्ण सिंग प्रकरणातील २००४ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका साधारणपणे अशी आहे की, कंपनीने आधी जखमींना भरपाई द्यावी आणि मालकाने जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणाने अट मोडल्याचे सिद्ध झाल्यास ती रक्कम मालकाकडून वसूल करावी. म्हणजे पीडिताला पैसे मिळतात आणि वसुलीची नोटीस आपल्या दारी येते. म्हणून साडूंचा परवाना स्वतः डोळ्यांनी पाहावा, त्याचा फोटो काढून ठेवावा. नाते कितीही जवळचे असले, तरी यात संकोच नको.

कच्च्या लायसन्सवर गाडी चालवणे पॉलिसीत बसते, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ३ पाळला तरच: शेजारी पक्का परवानाधारक बसलेला हवा आणि गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ हवा. गणपतीच्या गर्दीत कशेडी घाटाच्या बाजूला ही हौस भागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशांबद्दल सांगायचे, तर पेट्रोल आणि टोल त्यांनी भरणे वेगळे आणि दिवसाचा दर वेगळा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे हा मोटार वाहन कायद्याचाही भंग ठरतो. गोव्यात स्वतः चालवण्यासाठी मिळणाऱ्या अधिकृत गाड्यांना काळी पाटी असते, ती याच कारणासाठी. अमलेंदु साहू प्रकरणात, २०१० साली, खासगी गाडी भाड्याने दिलेली असूनही दावा पूर्ण फेटाळू नये, तडजोडीने काही रक्कम द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. परंतु त्यासाठी मालकाला दिल्लीपर्यंत भांडावे लागले. साडूंना सांगावे की येताना हापूस नसला तरी कोकम आणि काजू चालतील.

राहिले ते १५ लाख. ते फक्त मालक स्वतः चालक असताना, त्यामुळे साडूंना काहीही मिळणार नाही.

प्रतिसाद २

वरील शेवटच्या वाक्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. निंगम्मा प्रकरणातील २००९ च्या निकालानुसार, मालकाची गाडी मागून घेणारा चालक मालकाच्याच जागी येतो, त्यामुळे चालकाच्या चुकीचा मुद्दा न तपासता भरपाई देणाऱ्या जुन्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना ‘तिसरा पक्ष’ (थर्ड पार्टी) म्हणून दावा करता येत नाही. रामखिलाडी प्रकरणात २०२० साली हेच कायम राहिले, परंतु मालकाच्या जागी आल्यामुळेच त्या पॉलिसीतील वैयक्तिक अपघाताची १ लाखाची रक्कम वारसांना देण्यात आली. म्हणजे दार पूर्ण बंद नाही; मात्र चालक हा नोंदणीकृत मालकच असावा, या अटीवर कंपन्या बोट ठेवतात, म्हणून त्या भरवशावर राहू नये. साडूंनी स्वतःच्या नावे स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. तो गाडीशी बांधलेला नसतो. मागे बसणाऱ्या कुटुंबीयांची काळजी तुलनेने कमी आहे, कारण पॅकेज पॉलिसीत खासगी गाडीतील प्रवाशांचे दायित्व येते. नुसती थर्ड पार्टी असती, तर तेही आले नसते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पैशांचा विषय मिटला आहे आणि भाचेबुवा मागच्या सीटवर बसतील. साडूंचा परवाना मात्र आज पाहिला, तर त्याची मुदत नेमकी चतुर्थीच्या आठवड्यात संपते. पूर्वी ३० दिवसांची सवलत असे, ती अजून मिळते का?

प्रतिसाद १

२०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत काढून टाकली आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येते, तेव्हा परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आजच अर्ज करण्यास सांगावे. चाळिशी ओलांडली असल्यास डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना १-अ) सोबत लागेल. नवा परवाना हातात येईपर्यंत किल्ली देऊ नये.