रात्री दीडला वसतिगृहात "मला जगायचं नाही" असा मेसेज आला तर आधी काय करायचं?

रेक्टर_पुणे:
मुलींचं वसतिगृह, १८० जणी. रात्री एक रेक्टर आणि गेटवर वॉचमन. कॉलेजच्या समुपदेशक दहा ते पाच असतात. रात्रीचा क्रम लिहून ऑफिसात लावायचा आहे. १४४१६ (मानसिक आरोग्य हेल्पलाइन) लावायचा की १०८ (रुग्णवाहिका)? घरी कधी कळवायचं? आणि कॅज्युअल्टीत "मानसोपचारतज्ज्ञ सकाळी येतील" असं सांगितलं तर?

समुपदेशक:
मेसेजला उत्तर टाइप करत बसू नका, खोली गाठा. जाताना तिला फोन लावून लाइनवर ठेवा. दार आतून बंद असेल तर वाट पाहू नका, म्हणून दुसरी किल्ली ऑफिसात टांगलेली हवी.

पोचल्यावर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का? आत्ता? काही ठरवलं आहेस का?" विचारल्याने डोक्यात नवा विचार घुसतो, ही भीती निराधार आहे. आडून विचारलं तर "नाही, ठीक आहे" एवढंच उत्तर मिळतं. "कुणाला सांगणार नाही" हे वचन मात्र देऊ नका. ते मोडावंच लागतं आणि मग ती पुढच्या वेळी बोलत नाही. "ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून" एवढं म्हणा.

काही ठरवलं असेल, काही करून झालं असेल किंवा ती बोलतच नसेल, तर १०८. विचार येतात पण ठरवलेलं काही नाही आणि ती बोलते आहे, तर १४४१६, म्हणजे टेलिमानस: मोफत, चोवीस तास, मराठीतही. तिच्या वतीने तुम्हीही बोलू शकता. दोन्ही वेळी तिला एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही दाराशी कुणीतरी हवं. खोलीतली औषधं आणि धोक्याच्या वस्तू गाजावाजा न करता बाहेर काढा. मैत्रिणींना रात्रभर राखणीला बसवू नका, ते ओझं त्यांच्या वयाला पेलत नाही.

निवासी_डॉक्टर:
काही घेतल्याची शंका असेल तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. ते श्वासनलिकेत जाऊन जास्त घात होतो. ती बोलते-चालते आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो. रिकामी पाकिटं, चालू गोळ्यांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि घरच्यांचा नंबर सोबत घ्या. १०८ ला इमारतीचं नाव, मजला आणि कोणतं गेट उघडं आहे ते सांगा, वॉचमनला गेटवर उभा करा. गेट शोधण्यातच वेळ जातो.

शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या, पुण्यात ससून. तिथे "मानसोपचार विभागाच्या ऑनकॉल निवासी डॉक्टरांना बोलवा" असं नेमकं म्हणा. तज्ज्ञ नसले तरी मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. पोलीस केसच्या नावाखाली प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

रेक्टर_पुणे:
शिक्षेच्या भीतीने मुली लपवतात. आणि ती १७ वर्षांची असेल तर?

समुपदेशक:
त्याच कायद्याचं कलम ११५ वाचून दाखवा: आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, शिक्षा नाही. अठराच्या आत असेल तर दाखल करायला पालकांची संमती लागते, म्हणून त्यांना त्याच रात्री कळवा. "ती सुरक्षित आहे, मी तिच्यासोबत आहे, या रुग्णालयात या" इतकंच बोला, आणि तिच्यावर ओरडू नका असं स्पष्ट सांगा. घरातच त्रास असेल तर कोणत्या नातेवाइकाला बोलवायचं ते तिलाच विचारा. रात्रीच्या एसटीने एकटीला घरी पाठवणं ही सगळ्यात धोक्याची चूक.

प्राध्यापक:
शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा आणि हेल्पलाइन नंबर वसतिगृहात ठळक लावलेले हवेत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले आहेत. रात्रीच्या ऑनकॉल व्यवस्थेची मागणी करताना प्राचार्यांच्या पत्रात हे घाला. आणि घडलेलं वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ देऊ नका.

निवासी_डॉक्टर:
डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. पुढच्या तपासणीची तारीख कागदावर घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नका. गोळ्या एकदम महिन्याच्या नकोत, आठवड्याच्या मागा, आणि त्या रेक्टरकडे ठेवा.