पायथनमधून चालवलेलं एफएफएमपेग मध्येच अडकतं

प्रश्न: लिनक्सवर पायथनच्या पॉपेनने (दुसरा प्रोग्राम सुरू करणारी सोय) एफएफएमपेग हा व्हिडिओ रूपांतर करणारा प्रोग्राम चालवतो, त्याचे आउटपुट आणि एरर हे दोन्ही प्रवाह पाइपला (प्रोग्रामचा मजकूर माझ्या कोडपर्यंत आणणारी नळी) जोडतो, मग तो संपेपर्यंत थांबायला वेट(). छोटे व्हिडिओ होतात, तासाभराचा मध्येच थांबतो; सीपीयू शून्य. तीच कमांड टर्मिनलवर नीट चालते.

उत्तर १: पाइप तुंबलाय. लिनक्सवर त्याची क्षमता सहसा ६४ केबी. एफएफएमपेग ‘फ्रेम=… टाइम=…’ अशी प्रगती सतत एरर प्रवाहावर लिहितं. तुम्ही ती वाचत नाही, म्हणून त्याचं पुढचं लिहिणं अडतं आणि वेट() ताटकळत राहतं. वेट()च्या जागी कम्युनिकेट() घाला; ते प्रोग्राम संपेपर्यंत दोन्ही पाइप वाचून उपसत राहतं.

उत्तर २: एरर डेव्हनलला (जिथे टाकलेलं सगळं नाहीसं होतं) टाकू नका, बिघाडाचं कारणच हरवतं. फाइलमध्ये वळवा. शिवाय ‘-नोस्टडिन’ (कीबोर्डकडून काही वाचू नको) आणि ‘-वाय’ (न विचारता फाइल बदल) हे पर्याय द्या, नाहीतर आधीची फाइल असली की ते ‘ओव्हरराइट करू?’ विचारून अडतं.

प्रश्नकर्ता: कम्युनिकेट()ने पूर्ण झाला, रिटर्नकोड ०, म्हणजे बिघाड नाही. आभार!